वटवट्या आलाच नाही

निरीक्षण केंद्र,
४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. या वयात मी पतंग पकडत हिंडतो म्हणून तू पोट धरधरून हसलीस, हेही कळलं. अगं, हे दोऱ्याचे पतंग नव्हेत, दिव्यावर येणारे. रात्री दिव्याखाली खोका ठेवायचा, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रचायचे, आणि उजाडल्यावर खळग्यांत झोपलेली मंडळी मोजून पुन्हा गवतात सोडायची. ते काम आमच्या पतंगवालीचं. ही पूर्वी नर्स होती, त्यामुळे पतंगालाही पेशंटसारखं हळूच उचलते. माझं काम पक्ष्यांचं. समुद्रावरून येणारे पाहुणे मोजायचे.

आणि तिथेच माझं डोकं चालेनासं झालंय. काल दिवस कसा सोन्यासारखा होता. वारा बेताचा, झुडपं फुललेली, खोका पतंगांनी गच्च. म्हणजे पक्ष्यांना खायला भरपूर. कोकीळ आला, पाण्यावर कुरव ओरडत होते, पण वटवट्या नाही. हा अंगठ्याएवढा पक्षी पानांत दिसतच नाही, त्याला ऐकूनच मोजावं लागतं. गेल्या वसंतात मोजकेच होते, यंदा एकही नाही. आणखी दोन जातींचे चिमुकले पक्षीही बेपत्ता. पतंगवाली म्हणते, तिने वटवट्या दोनदा ऐकला. मी म्हटलं, बाई, तुझे कान वाजतात.

आता केंद्राचे साहेब मागे लागलेत. वटवट्या येत नसेल तर किनाऱ्यालगतची झुडपं तोडून तिथे बोटींची शेड बांधायची म्हणे. महिनाअखेरीला मी लिहून द्यायचं, येतो की येत नाही. ती झुडपं मी इतकी वर्षं पाहतोय, ती तोडलेली मला बघवणार नाहीत. पण न आलेल्याला आला कसं म्हणू? काही सुचत नाही बघ.

बाकी ठीक. तू पाठवलेली किटली भिकार निघाली, शिट्टीच देत नाही, दोनदा करपली. घड्याळाचा गजरही बंद पडलाय. आणि तुझ्या लेकीला सांग, फोनवर जरा तोंड उघडून बोलत जा. काय पुटपुटते, कप्पाळ कळत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा


घर,
११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले. वटवट्या हरवला म्हणतोस, आरशात बघ, लगेच सापडेल. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

माझी लेक पुटपुटते? अरे, ती वर्गात शिकवायला लागली की शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू येतं. किटली मी दुकानदाराकडून पाणी उकळवून, शिट्टी ऐकून मगच घेतली. किटली, गजर आणि पोरगी, तिघांनी मिळून तुझ्याशी वैर धरलं का? रागावू नकोस, पण एक सांग. ते न आलेले पक्षी, त्या सगळ्यांचा आवाज बारीक आहे का?

माझ्या दाराची बेल आठवते? शेजारीण बेल न वाजवताच परत जाते आणि वर मलाच शिष्ट म्हणते, म्हणून मी वर्षभर तिच्यावर डूख धरून होते. बिचारी बोट दुखेपर्यंत बटण दाबत होती. मला सगळं सुचलं. बेल बिघडली, वीज गेली, शेजारीण कजाग. आपले कान गेलेत, एवढंच तेवढं सुचलं नाही. आता कानात यंत्र आहे, म्हणून किटलीची शिट्टीही ऐकू येते. आपल्या वडिलांचंही तेच झालं होतं, आणि आपण त्यांना हट्टी म्हणत राहिलो.

मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. मी चुकत असेन तर आनंदच आहे, खुशाल शिव्या घाल. पण साहेबांना काही लिहून देण्याआधी त्या पतंगवालीला घेऊन झुडपापाशी जा. कान तिचे असू देत, डोळे तुझे. ती बोट दाखवेल तिथे दुर्बीण लाव.

जिवाला जप. माया आहेच माझी, हट्ट मात्र थोडा कमी असावा.

तुझी
ताई


निरीक्षण केंद्र,
१९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून असा भडकलो की ते खणात कोंबलं आणि मनातल्या मनात तुला नको नको ते बोललो. मग झुडपांभोवती एकटाच फिरलो. कुठे खरंच शांतता आहे आणि कुठे माझा कान कमी पडतोय, हे ठरवायचं कसं, ताई? दोन्ही सारखंच ऐकू येतं. लाटा ऐकू येतात, वारा येतो, कोकीळ येतो. वाटतं, सगळं तर येतंय.

काल खोका मोजून झाल्यावर पतंगवालीला सोबत चल म्हटलं. का, कशाला, काही विचारलं नाही तिने. झुडपापाशी थांबली, मान कलती केली आणि बोट दाखवलं. मला नुसती पानं दिसत होती. दुर्बीण लावून वाट पाहिली. मग एक डहाळी हलली आणि तो टोकाशी आला. चोच उघडी होती. गळ्यावरची पिसं थरथरत होती, एवढंसं अंग सगळंच्या सगळं हलत होतं. आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

मी तिला विचारलं, गातोय का. ती म्हणाली, जीव तोडून गातोय.

खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला. आला होता गं तो. ती जिथे जिथे बोट दाखवत गेली, तिथे तिथे होता. मग तिथेच दगडावर बसून रडलो. किती वसंत हे असेच येत होते आणि मी नाही म्हणत होतो, ते आता कोण सांगणार?

आज साहेबांना लिहून दिलं, वटवट्या येतो, मला ऐकू येत नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि शेडचा नकाशा गुंडाळून ठेवला. झुडपं राहतील. पक्ष्यांची फेरी उद्यापासून पतंगवालीची, मी तिचा खोका सांभाळणार. पतंग बोलत नाहीत, तेवढं बरं.

डॉक्टरकडे मात्र एकट्याने जायचा धीर होत नाही. तू ये, चार दिवस राहा.

कळावे. लोभ असतोच तुझा. आणि आलीस की जरा मोठ्याने बोल.

तुझा
धाकटा