बेलभंडारा न उचलता

अण्णा, उद्या दुपारी तीनच्या आत मला वाशीच्या तहसीलमध्ये सरपंचपदाचा फॉर्म भरायचा आहे. कागद तयार आहेत, दोनदा तपासले आहेत. एक प्रश्न मात्र तपासून झालेला नाही, आणि तो ज्याला विचारावा असा माणूस मला तुमच्याखेरीज माहीत नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. प्रश्न असा: ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याला गावातलं जुनं राखायला उभं राहता येतं का? रविवारी खंडोबाच्या देवळात, पॅनेलच्या सगळ्या माणसांसमोर, मला याचं उत्तर 'नाही' असं मिळालं. मी ते मानलेलं नाही. का मानलेलं नाही ते नीट मांडून पाहते.

तलावाचा नियम तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला सुरुवातीपासून मांडायची सवय आहे. होळी झाली की तलावावरच्या पाणी उपसायच्या सगळ्या मोटारी बंद. पाऊस पडून ओढा वाहेपर्यंत उरलेलं पाणी जनावरांचं आणि खालच्या विहिरींचं. मोटारी यायच्या आधी हाच नियम पाटाच्या पाण्याला होता म्हणतात. कोणी केला ते कोणाला ठाऊक नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मोटारवाले तलावाच्या पाळीवरच्या खंडोबाला जमतात. एकेक जण बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात उचलतो आणि पाऊस पडेपर्यंत मोटर चालवणार नाही अशी शपथ घेतो. मोडली तर देव बघून घेईल, अशी समजूत. तुम्हीही त्या ओळीत उभे राहायचात. नंबर आला की हात मागे बांधायचात आणि म्हणायचात, "माझा शब्द आहे." लोक पुढच्याकडं वळायचे. शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाचं एवढं चालवून घेत असतील, असं मला लहानपणी वाटायचं.

मी आठवीत असतानाचा तो मार्च. आई स्वयंपाकघरात भाकरी थापते आहे, तुम्ही अजून शाळेतून आलेले नाही. तलावाकडच्या वाफ्यातल्या वांग्यांनी माना टाकल्या आहेत आणि मी त्यावर विचार करून ठेवला आहे. देव नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. देव नाही म्हणजे शपथ ऐकणारा कोणी नाही. ऐकणारा नाही म्हणजे शपथच नाही. तीन पायऱ्यांची सिद्धता, तिच्यात मला चूक सापडत नव्हती. मी जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. अर्धा तास मोटर चालली. कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसल्यावर मी ती सिद्धता तुम्हाला सांगितली, शाबासकी मिळेल याची खात्री असल्यासारखी.

तुम्ही घास खाली ठेवलात. "देव न्हाई. बरोबर. तलाव हाय का न्हाई?"

"आहे."

"त्यातलं पाणी पिणारी जनावरं हायती?"

"आहेत."

"मंग माझा शब्द मी कुणाला दिला व्हता? देवाला? ज्या माणसांना दिला ती तुझ्या गणितात कुठं गेली?"

आई म्हणाली, "जेवा की आता, लेकरू हाय." तुम्ही जेवला नाहीत आणि चार दिवस माझ्याशी बोललाही नाहीत. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर उभं राहून तुम्ही सांगितलंत, "माझ्या घरातून अर्धा तास मोटर चालली." माझं नाव घेतलं नाहीत. लोकांनी तुमच्यासाठी वाट काढली, ती सगळ्यांसाठी असते: खंडोबाची तळी भरा, पाच नारळ फोडा, विषय मिटला. तुमच्या आधी कितीतरी जणांनी तसंच मिटवलं होतं, काहींनी दर दोन वर्षांनी. तुम्ही म्हणालात, "ज्याला मी मानत न्हाई त्याच्याकडं माफी कशी मागू?" आणि पुढच्या वर्षी होळीला महिना असतानाच आपली मोटर बंद केलीत. गव्हाचं शेवटचं पाणी चुकलं, दाणा चिमला. मी तेव्हा तुमच्यावर खूप चिडले होते. अर्ध्या तासाला महिना, हे कोणतं प्रमाण? आज मला त्यातलं दुसरंच दिसतं. ज्याला देव आहे त्याला माफीची सोय आहे. तुम्हाला ती नव्हती, म्हणून तुम्हाला शब्द पाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी आता धाराशिवला सौरपंप बसवणाऱ्या एका कंपनीत आराखडे करते. पाणी किती उंच उचलायचं आणि तासाला किती पडायला हवं, त्यावरून पंप ठरवायचा, एवढंच काम. ऑफिसात चहाच्या वेळी राजकारण निघतं आणि माझी पंचाईत होते, कारण लोकांकडं दोनच खण आहेत. मी उपास करत नाही, देवळात जात नाही, म्हणजे मी पुरोगामी. मग मी म्हणते की मला एका रात्रीत सगळं बदलणारी माणसं नकोत, गावानं शंभर वर्षं चालवलेली गोष्ट एका ठरावानं मोडणाऱ्याला मी मत देत नाही. मग समोरची मैत्रीण म्हणते, "अगं, तू तर परंपरावाली निघालीस! मग देव्हारा कुठाय तुझा?" जुनं राखायला देव लागतो, हे देव मानणारे आणि न मानणारे दोघंही एकमतानं मानतात. इतकं एकमत मला दुसऱ्या कशावर दिसलेलं नाही, म्हणून मला त्याचा संशय येतो.

गावात यंदा सरपंचपद महिलेसाठी आहे. समोरच्या पॅनेलचा पुढारी दर वर्षी अनवाणी तुळजापूरला चालत जातो. त्याच्या पायांना भेगा आहेत आणि त्याची भक्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. त्याचं पहिलं आश्वासन मोटरबंदी उठवण्याचं आहे. देवानं कौल दिला, असं तो सांगतो. म्हणजे श्रद्धा पक्की असूनही नियम मोडता येतो, फक्त देवाची परवानगी आणावी लागते. नियम राखू म्हणणारं पॅनेल तात्यांचं. तात्या तुमचे शाळेपासूनचे मित्र, आजही पहाटे खंडोबाला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाहीत. ते स्वतः धाराशिवला आले, माझ्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाचं नाव हाय गावात. उभी ऱ्हा." मी दोन दिवस मागून घेतले आणि हो म्हणाले. तीन उन्हाळे मी सुट्टीला येऊन आपल्या विहिरीची पातळी टेपनं मोजली आहे. बंदी उठली तर खालच्या विहिरींचं काय होईल याचा मला अंदाज आहे.

पॅनेल फुटू नये म्हणून रविवारी सगळ्या उमेदवारांनी बेलभंडारा उचलायचं ठरलं होतं. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्टच नाही, असं त्यांना वाटलं असेल. माझा नंबर आला. मी हात मागे बांधले आणि म्हणाले, "माझा शब्द आहे."

कोणी पुढच्याकडं वळलं नाही.

"ताई, दोन मिनटांचं काम हाय," फोटो काढणारा म्हणाला. "फुडं बघा अन् धरा नुसतं."

"नुसतं धरायचं असेल तर कशाला धरायचं?" मी म्हणाले.

मागून एक जण म्हणाला, "देवाला न भिणारं माणूस उद्या कशाला भिईल? तिकडून चहाचं बोलावणं आलं की गेलं!" लोक हसले. तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझ्या बापाचं येगळं व्हतं. त्याच्या घरातनं एकदा चूक झाली, पर तो उभ्या गावात कबूल झाला. तवापासून त्याचा शब्द चालायचा. तुझा अजून व्हायचाय."

तेव्हा मी ते सांगितलं. सोळा वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. "तात्या, मोटर अण्णांनी नाही, मी चालू केली होती."

देवळात शांतता होईल असं मला वाटलं होतं. तात्यांनी नाक शिंकरलं. "ठाव हाय की. त्या दुपारी तुझा बाप माझ्यासंगं शाळेच्या पत्र्यावर चढला व्हता. मोटर काय त्यानं पत्र्यावरनं चालू केली?" आता मात्र सगळे मोठ्यानं हसले, आणि मला कळलं की आपल्या घरात झाकून ठेवलेली ही गोष्ट गावाला तेव्हापासून ठाऊक होती. तात्या पान पुढं करून म्हणाले, "झालं, सांगून टाकलंस. आता हे उचल आन् मोकळी हो."

"मला मोकळं व्हायचं नाही," मी म्हणाले. "म्हणूनच उचलत नाही."

त्यांनी पान ताटात परत ठेवलं. म्हणाले, "बापागत हेकट हाईस," आणि पुढच्या बाईकडं वळले. पण पॅनेलमधल्या बाकीच्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत यादीत माझ्या जागी दुसरं नाव होतं. तात्यांनी फोन केला, म्हणाले, माझा इलाज चालला न्हाई. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना चाळीस मोटारवाले सांभाळायचे आहेत आणि चाळीस जणांना शब्दावर सोडायला ते तयार नाहीत. इथं मला तुमच्याशी भांडायचं आहे, अण्णा. तुमचा एकट्याचा शब्द टिकला, पण तो उरलेल्यांच्या भीतीच्या आडोशाला टिकला. सगळं गाव तुमच्यासारखं असतं तर होळीनंतर किती मोटारी बंद राहिल्या असत्या? तुम्ही हे कधी बोलला नाहीत. मला वाटतं तुम्हाला हे दिसत होतं, आणि म्हणूनच तुम्ही गावात कोणाला देव नाही म्हणून सांगत फिरला नाहीत. फक्त मला सांगितलंत.

देवळातून उतरताना माझ्याबरोबर पिठाची गिरणी चालवणाऱ्या काकू होत्या. बौद्ध वस्तीच्या जागेवर त्या पॅनेलच्या उमेदवार आहेत. बेलभंडारा त्यांनीही उचलला नव्हता, पण त्यांना कोणी म्हणालंच नव्हतं. "आमाला सूट हाय," त्या म्हणाल्या. "आमचा धम्म येगळा. तुमाला कोण देणार सूट? तुमी आमच्यात न्हाय आन् त्यांच्यातबी न्हाय." मग थोड्या अंतरावर थांबून, तलावाकडं हात करून, "जुनं राखायचं म्हणता, ताई, तर किती जुनं? माझी आज्जी त्या खालच्या अंगाला रिकामी घागर घेऊन उभी ऱ्हायची, कुणी वरनं पाणी वाढतंय का बघत. तेबी जुनंच."

"ते मोडलं ते बरंच झालं," मी म्हणाले.

"व्हय. पर कुणी मोडलं? जुनं राखणाऱ्यांनी न्हाय."

घरी आल्यावर तुमचं एक वाक्य आठवलं. तुम्ही म्हणायचात, नियमाला विचारायचं, तू कुणाला पाणी देतोस आन् कुणाचं तोडतोस? देवानं दिलेल्या नियमाला हा प्रश्न विचारायची चोरी असते. माणसांनी केलेल्याला विचारता येतो, म्हणून एक राखता येतो आणि दुसरा मोडता येतो. माझ्या नास्तिकपणाचा गावाला काही उपयोग असेल तर तो एवढाच. आणि उरलेलं काम शंकेचं. माझ्याकडं तीन उन्हाळ्यांची मोजमापं आहेत. ती पुरेशी नाहीत, हे मी दारोदार सांगणार आहे. बंदीमुळंच विहिरी टिकतात असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ज्याची पुरती समज नाही ते मोडू नये, एवढं सांगायला देव लागत नाही. आपल्याला थोडंच कळतं हे मान्य करावं लागतं, आणि ते मला जमतं.

म्हणून मी अपक्ष उभी राहते आहे. पत्रकावर एकच ओळ असेल: होळी ते पाऊस, तलावावर मोटर नाही. आईनं विचारलं, "निवडून येशील का?" मी म्हटलं, बहुतेक नाही. माझ्यामुळं तात्यांची मतं फुटून बंदी उठवणारेच येतील, ही शक्यताही मी धरली आहे. ती टाळायला मी मंगळवारी तात्यांकडं गेले होते. ठरलं ते असं: फॉर्म परत घ्यायच्या दिवसापर्यंत मी घरोघर जाणार, एकेका मोटारवाल्याकडून बेलाशिवाय, नुसता शब्द मागणार. निम्म्यांनी दिला तर तात्या माझ्या जागी घेतलेल्या बाईंना नाव मागं घ्यायला लावतील. नाही दिला तर मी माझं घेईन आणि त्यांच्यासाठी मतं मागेन. गिरणीवाल्या काकू म्हणाल्या, पहिली हाळी आमच्या वस्तीत द्या, आमच्यातबी तीन मोटारी हायत्या. तिथूनच सुरू करणार आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, त्यामुळं शेवटचं लिहायला हरकत नाही. आपण भीतीवर चालत नाही, असं मी लहानपणापासून धरून चालले. उद्यापासून चाळीस दारं आहेत. पहिल्याच दारातला माणूस "तुझ्या शब्दाला जामीन कोण?" म्हणून विचारेल आणि मला दाखवायला कोणी नसेल, या विचारानं कालपासून मला जेवण गेलेलं नाही. आईला मी पित्त झालंय म्हणून सांगितलं आहे.