पंपाचं पॅकिंग

प्रिय स्पृहा,

‘बाबा, वॉटर पंप मिळतोय, शेवटचाच आहे, घेऊन टाकू का?’ हा तुझा निरोप मोबाइलवर आला, त्यावर मी नुसता अंगठा पाठवला. आईच्या मते त्या अंगठ्याचा अर्थ ‘हो’, शेजारच्या दिगंबरच्या मते ‘बघू’. माझ्या मनात दोन्ही नव्हतं. उत्तर कागदावर लिहायचं होतं म्हणून वेळ लागला. पत्रच का, याला आणखीही एक कारण आहे, ते शेवटी सांगतो. नागोयाचा तो दुकानदार थकलाय, दुकान आवरतोय, आपल्या सेलिका गाडीला बसेल असा हा एवढाच पंप त्याच्याकडे उरलाय, हे सगळं तू सविस्तर लिहिलंस. आणि खाली तुझं नेहमीचं वाक्य : गाडी चालू झाली की मी येतेच, कात्रजचा जुना घाट, चालवायची तुम्ही. इतकी वर्षं हे वाक्य येतंय की शाळेत कविता म्हणताना ध्रुवपद आलं की सगळा वर्ग आपोआप मोठ्याने म्हणायचा ना, तसं मी ते वाचतो. अर्थाकडे लक्ष न देता, पण मोठ्याने.

ही गाडी आपल्याकडे यायचीच नव्हती. तुला माहीत आहे, पण म्हाताऱ्या माणसाला माहीत असलेलंच परत सांगायला आवडतं, तेव्हा ऐक. आईचे भाऊमामा नैरोबीत जन्म काढून परतले ते ही जपानी गाडी बोटीत घालून. मामा गेले, बंगला पाडायचं ठरलं, आणि मुलांनी आईला निरोप दिला की आमच्या आईचं शिसवी कपाट तुझं, घेऊन जा. आपण टेंपो घेऊन गेलो. कपाटाला वाळवी लागली होती. मागच्या आवारात आंब्याच्या पाचोळ्याखाली ही उभी होती, लांब नाकाची, मोरपंखी रंगाची, चारही टायर बसलेले. ‘कपाट आणायला गेलेला माणूस टेंपोला दोर बांधून भंगार घेऊन आला, आणि वर टेंपोवाल्याला सांगतो, हळू चालवा, ती दमलीय,’ हे आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खरं आहे ते. मी पाटबंधारे खात्यातला आरेखक, जन्मभर दुसऱ्यांच्या धरणांच्या रेषा ओढल्या. स्कूटरपलीकडे स्वप्न पडायचं काही कारण नव्हतं. पण त्या गाडीच्या टपाची रेघ अशी होती, की कुणीतरी एका दमात ओळ लिहावी आणि खोडाखोड न करता उठून जावं.

दुरुस्तीचं पुस्तक हवं होतं. आमच्या साहेबांचा भाचा जपानला निघाला होता, त्याच्याकडून मागवलं. त्याने बिचाऱ्याने आठवणीने आणलं. उघडून बघतो तर पहिल्यापासून शेवटपर्यंत जपानी! इंग्रजी मागवायचं तर पुन्हा कुणाला तरी गळ घाला, पुन्हा वर्षभर थांबा. त्यापेक्षा टिळक रोडवर एका बाईंचा जपानीचा क्लास होता. तू सहावीत होतीस, बडबडी होतीस, मी तुला तिथे घातलं. आई म्हणाली होती, ‘अहो, पुस्तक बदला, पोरगी कशाला बदलताय?’ मी हसलो. पुस्तकही वाचलं जाईल, गाडीही होईल, मुलीला भाषाही येईल. एका दगडात तीन पक्षी, असं दिगंबरला मी ऐटीत सांगितलं होतं. रविवारी क्लास सुटला की तू स्वारगेटला उतरायचीस आणि मी स्कूटर घेऊन उभा असायचो. मागे बसून तू माझ्या पाठीवर बोटाने नवी अक्षरं काढायचीस, ती मी ओळखायची. मला एकही कधी ओळखता आलं नाही. मी उगाच ‘घर!’ म्हणायचो, ‘झाड!’ म्हणायचो, आणि तू मागे खिदळायचीस. पाठीवर ते बोट फिरायचं, तेवढंच मला जपानी येतं.

पुढे तू त्या पुस्तकात ओळींखाली पेन्सिलीने मराठी लिहायला लागलीस. ‘हलक्या हाताने घट्ट करा.’ हे तुझं पहिलं पूर्ण वाक्य. मी म्हटलं, अगं, हलक्या हाताने घट्ट कसं होईल? तू म्हणालीस, असंच लिहिलंय, मी काय करू. चार सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात ते तुला पाठ होईना, म्हणून मी चालीवर ओळी जुळवल्या होत्या :

पहिला पेटे, तिसरा भेटे, चौथा धावत येई;
दुसरा राही मागे, त्याला हाक कुणी ना देई.

तुला त्या दुसऱ्याची फार दया यायची. ‘त्याला कुणीच बोलवत नाही का, बाबा?’ मी म्हणायचो, येतो की त्याचाही नंबर, चक्र फिरतंय तोवर येतोच. आणि तो रविवार आठवतो का? पंपाच्या सांध्यातलं, पाणी अडवणारं पॅकिंग फाटलं होतं, नाना पेठेत तेवढ्या जाडीचा कागद मिळाला नव्हता, आणि घरात पुठ्ठ्यासारखी जाड अशी एकच वस्तू सापडली, आमची लग्नपत्रिका. पंपाच्या तोंडावर ती ठेवून मी कडेकडेने हातोडीने हलकेच ठोकत गेलो, तू कोपरा धरून बसलीस, आणि अगदी मापाचं पॅकिंग निघालं. काय सुंदर बसलं! आईला कळलं. पुढचे आठ दिवस ताटात पोळी यायची, पण हाक यायची नाही. उरलेली पत्रिका तिने उचलून ट्रंकेत ठेवली, मधोमध पंपाच्या आकाराचं भोक असलेली.

मग तू नागोयाला दुभाषी म्हणून गेलीस. दोन वर्षांसाठी. त्यात नवल काय, तुला ती भाषा आणखी कुठे नेणार होती? तिथून पार्सलं यायला लागली. ब्रेकचे सिलिंडर, रबरी नळ्या, दरवाज्याच्या कडेची पट्टी, एकदा तर नुसती एक स्प्रिंग, केवढ्या मोठ्या खोक्यात! खोकी मी टाकत नाही. उघडलं की नव्या रबराचा वास येतो आणि कागद तुझ्यासारखा घडी घातलेला असतो, कोपऱ्याला कोपरा. एक भाग बसवावा तर दुसरा जातो. माझ्या दातांचं आणि तिचं एकाच वेळी सुरू झालं आणि एकाच गतीने चाललंय. आरटीओच्या लेखी तर ही गाडी केव्हाच संपली, रस्त्यावर काढली तर पहिल्या चौकात अडवतील. तरी गेल्या उन्हाळ्यात इंजिन सुरू झालं, चांगलं दहा मिनिटं चाललं! चारही जण वेळेवर, दुसरासुद्धा. तुला व्हिडिओ पाठवला, तू फोनवर रडलीस आणि म्हणालीस, बाबा, मी तिकीट बघते. आणि दुसऱ्या दिवशी पंपातून पाणी गळायला लागलं. तेव्हापासून आपण दोघंही एकमेकांना सांगतोय, आता फक्त पंपच राहिलाय.

यंदाचा दसरा सांगतो. नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये गाडी पुसली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, चाकांपुढे चार लिंबं ठेवली. लिंबं फुटण्यापुरतीच ती वर्षातून एकदा हलते, तू लहानपणी ओरडायचीस, ‘गाडी निघाऽऽली!’ आणि सगळी सोसायटी खिडकीत यायची. यंदा मी आणि दिगंबरने मागून जोर लावला, त्याच्या हेमावहिनींनी लावला, आईनेही गुडघे विसरून हात लावला. गाडी जागची हलेना. दिगंबर धापा टाकत म्हणाला, ‘गोपाळराव, हिला आता लिंबू पुरे. गंगाजळ पाजा.’ मी म्हटलं, हँडब्रेकची तार धरली असेल, खालून सोडवतो. ते दोघे वर गेले. मी जॅक लावला, विटा रचल्या, चटई टाकून खाली शिरलो. आई तिथेच स्टुलावर बसून राहिली. तिला काहीतरी बोलायचंय हे मला कळलं होतं, कारण ती हार सारखा करत होती आणि हार सरळच होता. माझे फक्त पाय बाहेर. त्या पायांना उद्देशून ती म्हणाली, ‘अहो, ऐकताय ना? स्पृहा तिकडची नागरिक व्हायचं म्हणतेय. अर्ज करायचाय तिला. इकडचा पासपोर्ट परत द्यावा लागतो. दिवाळी झाल्यावर बाबांना सांग, म्हणाली होती, पण माझ्याच्याने धरवत नाही.’

मी म्हटलं, चौदाचा पाना दे जरा. तिने दिला. तो बाराचा होता. मी तोच घेतला, आणि बराच वेळ हातात धरून पडून राहिलो. बाराचा पाना चौदाच्या नटावर नुसता टेकवायचा, फिरवायचा काही प्रश्नच नव्हता. डोळ्यांसमोर गाडीचा तळ होता. तिचं पोट मी किती वर्षं बघत आलोय, पण त्या दिवशी काही काम नसल्यासारखं बघितलं. ज्या मोठ्या पट्टीवर सगळा भार असतो तिला सहज बोट लावलं आणि बोट आत गेलं. पापडासारखी. शेजारी लावलं, तिथेही तेच. लाल भुगा चष्म्यावर पडला. ही गाडी पंपावाचून अडलेली नाही गं. तिला पंप दे, नवं इंजिन दे, तिच्याखाली आता तिला उचलून धरणारं काही उरलेलं नाही. मी बाहेर आलो तेव्हा आई म्हणाली, ‘डोळ्यांत गंज गेला का?’ मी हो म्हटलं. तिनेही पदराने स्वतःचे डोळे पुसले. लिंबं अजून तिथेच आहेत, वाळून सुपारीएवढी झालीत. झाडणाऱ्या बाई त्यांना वळसा घालून झाडतात.

मला न सांगता आईला सांगितलंस, त्याचा राग धरलेला नाही. मलाही बायकोच्या पाठीआडूनच सगळं सांगायची सवय आहे, तुझ्यात ती माझ्याकडूनच आली. आणि चुकतेयस असंही मला वाटत नाही. तिथे तुझं काम आहे, घर आहे, दर थोड्या दिवसांनी कुठल्याशा खिडकीपुढे रांगेत उभं राहून ‘राहू द्या’ म्हणायचं तेही कंटाळवाणंच. मी एकदा डोळे मिटून तुझ्या तिथल्या रस्त्यावर स्वतःला उभं करून पाहिलं, हातात पिशवी वगैरे. मला पाट्या वाचता येईनात. पाठीवर कुणी अक्षर काढावं तर तिथे कुणी नव्हतं. मग उघडले डोळे.

आता पत्राचं कारण. तुला अर्जासोबत तुझा जन्मदाखला आणि आमच्या लग्नाचा सरकारी दाखला हवाय, असं आई म्हणाली. जन्मदाखला कपाटात होता. लग्नाचा नव्हताच, आमच्या वेळी लग्नं लागायची, नोंदली जायची नाहीत. म्हणून काल आम्ही क्षेत्रीय कार्यालयात जाऊन लग्न नोंदवून आलो. आईने नथ घातली होती. मी म्हटलं, कागदावर सही करायला नथ कशाला? म्हणाली, ‘लग्न आहे ना?’ साक्षीदार दिगंबर, हेमावहिनी आणि आपले सोसायटीचे सेक्रेटरी. खिडकीतल्या मुलीने पत्रिका मागितली तेव्हा आईने ट्रंकेतली काढून दिली. मुलीने ती उलटसुलट केली आणि म्हणाली, ‘आजी, यात वधू दिसतेय, वर कुठाय?’ आई म्हणाली, ‘पंपात.’ मग फोटो आणि प्रतिज्ञापत्रावर भागलं. तेव्हा पंप घेऊ नकोस, राणी. नवा बसवायचा तर जुना उघडायला हवा, पॅकिंग सुरीने खरवडून काढायला हवं, आणि ते काही मी करणार नाही. ‘गाडी चालू झाली की’ हेही आता लिहू नकोस, ती चालू व्हायची नाही. दोन्ही दाखले सोबत आहेत, मूळ प्रती आहेत. पाकीट उघडताना कात्री जपून लाव. लग्नाच्या दाखल्यालाही भोक पडलं तर तिसऱ्यांदा लग्न करायला मी आणि तुझी आई असूच, असं नाही.

तुझाच,
बाबा