सुमनताईंनी वाचलेली ओळ

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या संस्थेची एचआयव्ही उपचारांची माहितीपत्रकं मीच लिहिते. आज कात्रजच्या सुमनताई आल्या. दोन महिन्यांपासून गोळ्या बंद केल्यात म्हणाल्या.

"का हो?"

"तुमच्याच कागदावर हाय की. रोज गोळ्या घेतल्या की रक्तात विषाणू सापडत नाही. माझ्या तपासणीत नाही सापडला. मग गेला म्हणायचा!"

सापडत नाही. वाक्य खोटं नाही. पण तो दबून असतो, गोळ्या थांबल्या की पुन्हा वाढतो, हे मी लिहिलंच नव्हतं. मी स्वतः बारा वर्षं याच गोळ्या घेतेय, मला ते कोणी सांगावं लागत नाही. म्हणून सुटलं का? सापडत नाही, एवढंच लिहून मोकळी झाले.

त्यांना लगेच उपचार केंद्रात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. परतताना रिक्षात म्हटलं, "माझं चुकलं." मग विचारलं,

"नवं पत्रक छापण्याआधी वाचून द्याल?"

"देईन. पण नाही समजलं तर तोंडावर सांगीन."