गच्चीवरचं एक वाक्य

बुधवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पत्रात नमस्कार लिहिला की तू हसतोस, तरी लिहिते. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिना उतरू देऊ नका. वहिनीच्या शिलाई मशीनचा पट्टा मिळाला का? मी वेळेवर जेवते, असं आईला सांग. खोटं असलं तरी सांग.

तुझ्या मित्राचं, आपण सगळे 'चष्मा' म्हणतो त्याचं, पुस्तक छापून आलं. गठ्ठा इथे प्रकाशनाच्या कचेरीत माझ्याच टेबलावर आहे. मुखपृष्ठावरचा ड्रॅगन जरा कोंबडीसारखा दिसतो, पण रंग छान उतरलेत. फासे टाकून, बोलून गोष्ट रचायचे खेळ कसे सुरू झाले, हे कोण वाचणार, असं आमच्या साहेबांना वाटत होतं. आता तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावतात, की यात जिंकायचं नसतं. आपण योद्धा नाहीतर चेटकीण व्हायचं आणि पुढे काय करणार ते सांगायचं.

आधीची प्रकरणं जगभरातल्या खेळांची आहेत. शेवटचं आपल्या गच्चीचं. चष्मा आणि त्याचे मित्र तिथे पुठ्ठ्याची सैन्यं मांडून लढायचे, मी बघत बसायचे, आणि गॅरेज सुटलं की तू मला न्यायला यायचास. एकदा किती सैनिक मेले यावरून त्यांची जुंपली होती. तू हात पुसत पुठ्ठ्याचा एक सैनिक उचललास आणि म्हणालास, "अरे, मेलेले कसले मोजताय? ह्या एकट्याला विचारा ना, तो कशाला घाबरतो ते." मग तू गोष्ट सांगायला बसलास आणि जो तो त्या सैन्यातला एकेक माणूस झाला. खिशातल्या बोल्टच्या नटांच्या सहा बाजूंवर ठिपके काढून तू त्यांचे फासे केलेस.

आपल्याकडे हा खेळ पहिल्यांदा तू सुरू केलास, असं चष्म्यानं सगळं लिहिलं होतं, तुझ्या नावासकट, आणि तेव्हाच तुला सांगितलंही होतं.

दादा, आता ते पुस्तकात नाही. मी काढलं.

आमच्याकडे नियम आहे. 'हे पहिल्यांदा अमक्यानं केलं' असं वाक्य आलं की लेखी पुरावा हवा, नाहीतर लेखकाशिवाय आणखी एक साक्षीदार. मी त्या मित्रांपैकी दोघांना फोन केले. एकाला आठवेना. दुसरा म्हणाला, "असेल बुवा." मी समासात 'पुरावा नाही' असं लिहिलं आणि तुझा परिच्छेद खोडला. साक्षीदार तर तेव्हा गच्चीवरच्या टाकीला टेकून बसली होती, ती मीच. तिला मी धरलंच नाही. सख्ख्या बहिणीचं कोण खरं मानेल, असं मनाशी म्हटलं.

काल चष्म्याचा फोन आला. म्हणाला, "तू काढलंस, तेव्हा मला वाटलं तुझ्या दादानंच नको म्हटलं असेल. त्याचा स्वभावच तसा."

"मी त्याला विचारलंच नाही," म्हणाले.

तो म्हणाला, "अगं, मला तरी विचारायचंस."

नियम खरा आहे, पण तेवढंच खरं नाही. त्या परिच्छेदात 'गॅरेजात काम करणारा' असं होतं, आणि आडनाव माझंच. शेजारच्या टेबलावरची बाई विचारेल, "हे तुझे कोण?" हे माझ्या मनात येऊन गेलं होतं. तुझ्या कामाची लाज वाटली नव्हती, असं मी स्वतःला पटवत असते. पटत नाही.

वहिनी सांगत होती, पुढच्या शनिवारच्या प्रकाशन समारंभासाठी तू शर्ट शिवून घेतलास, आणि गॅरेजात सगळ्यांना सांगून ठेवलंस, पुस्तकात आपलं नाव आहे म्हणून. चारचौघांत पानं उलटत तुला ते शोधायला लागू नये, म्हणून आधीच लिहितेय.

साहेबांना आज सगळं सांगितलं. "पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणाले. हीच आवृत्ती खपेल की नाही कुणास ठाऊक. चष्मा म्हणतो, शनिवारी मी बोलून टाकतो. मी म्हटलं, तू नको, मी सांगेन. माईकसमोर मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तरी सांगेन, तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

फोन केला असता तर तू "जाऊ दे गं" म्हणून विषय संपवला असतास. या वेळी तसं म्हणू नकोस. रागाव. गॅरेजातल्या लोकांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

आईला नमस्कार. वहिनीला हे तूच सांग, मला धीर होत नाही.

तुझं बोलणं जिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, ती
तुझी धाकटी