चौऱ्याऐंशीचा डॉलर आणि बारावं रडार

ती. दयाराममामांना प्रसेनजितचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा, मामींचा बीपी आणि काळी म्हैस ठीक असतील अशी आशा करतो. मी ठीक नाही. शेगावात स्टेशनजवळच्या लॉजवर दार लावून बसलोय. मोबाइल बंद ठेवलाय (साहेबांचे सतरा कॉल येऊन गेले), म्हणून हे पत्र मेहकर गाडीचे कंडक्टर गोविंदाभाऊ यांच्या हाती जानेफळला पाठवतोय. वाचून चुलीत टाका.

मामा, मला भीती वाटते. आमच्या पुण्याच्या ऑफिसात सैन्याच्या परदेशी खरेदीचं बजेट होतं. बजेट रुपयांत, बिल डॉलरमध्ये. मधल्या काळात डॉलर चढला की खड्डा आपला. यंदा बारा रडार घ्यायची होती आणि वर्षभर डॉलर कितीचा धरायचा, ते मला लिहायचं होतं. मागल्या वर्षीच्या दिवाळीत घरी आलो, तेव्हा ओट्यावर (अर्धी गल्ली चहाला बसलेली) तुम्हाला सहज विचारलं. तुम्ही म्हणालात, "डॉलर कुठं जाते बे? चौऱ्याऐंशीच्या वर गेला तं मिशा उतरवीन!" मी चौऱ्याऐंशी लिहिले. आपण लग्नाच्या बँडवाल्याला इसार देऊन भाव बांधून ठेवतो, तसा बँकेकडे डॉलरचाही बांधता येतो. तिथे मी ‘गरज नाही’ असं लिहिलं. ‘आधार’ या रकान्यात लिहिलं, ‘अनुभवी बाजारतज्ज्ञ, जि. बुलढाणा’.

डॉलर नव्वदवर गेला. बाराच्या पैशात आता अकराच रडार येतात. सीमेवरची बारावी जागा उघडी राहिली आणि तिथूनच काही आत आलं तर? ही भीती नोकरीच्या भीतीपेक्षा मोठी आहे (नोकरीचीही आहेच). सोमवारी पुण्यात चौकशी समितीपुढे उभं राहायचंय.

तुमचा भाचा,
प्रसेनजित

ता.क. समितीने तज्ज्ञाला सोबत आणायला सांगितलंय. मामा, लग्नातला कोट घालून रविवारी शेगावला या. फार बोलू नका, नुसती मान हलवा. मिशा असू द्या, वजन पडतं.

ता.क. २ गोविंदाभाऊ पत्र न्यायला आलेत. म्हणतात, तुम्ही त्या दिवाळीपासून सत्तर पोती सोयाबीन घरात दाबून बसलाय, डॉलर चढला की भाव येईल म्हणून! मग मामा ओट्यावर तसं का म्हणाले, असं मी विचारलं तर गोविंदाभाऊ हसून म्हणाले, "चारचौघांत खरा अंदाज कोणी सांगते काय बे?" जानेफळात वाढूनही मला हे कळू नये! कोट राहू द्या, येऊ नका. फक्त सोयाबीन इतक्यात विकू नका. सोमवारनंतर मलाही त्यावरच जगायचंय.