दाराबाहेरचं ऐकणं

मंगळवार, ४ जून

ती. काकांस,

नमस्कार. आपण कधी भेटलो नाही, पण आमच्या घरात तुम्ही 'दुरुस्तीवाले काका'. तुमची मेल आली की बाबा ताटावरून उठायचे, आणि आई म्हणायची, "आली माझी सवत!"

तुम्ही बाबांना पाठवलेल्या शेवटच्या दोन्ही मेल मी वाचल्या. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ऐकेल तर ती आई कसली.

माझ्या कामाचं तुमच्या कानावर असेलच. आमची कंपनी कॉम्प्युटरच्या जुन्या कमांड नव्या प्रोग्रामिंग भाषेत पुन्हा लिहितेय. नवी भाषा बऱ्याच चुका आधीच पकडते, जुनी त्या बिनबोभाट चालवून घेते. त्यात फाईल कॉपी करायची कमांड माझ्या वाट्याला आली. तुम्ही दोघांनी इतकी वर्षं सांभाळलेली, तीच. "यांनी आयुष्यभर इकडचं तिकडे केलं, आता पोरगीही तेच करणार," असं आईनं शेजारी सांगून ठेवलंय.

बाबांचा राग नव्या भाषेवर नव्हता, कोड कुणी कसा वापरायचा ते ठरवणाऱ्या नव्या परवान्यावर होता. तुमची अट साधी: घ्या, बदला, वाटा, पण वाटाल तेव्हा बदललेलंही उघडं ठेवा. आमची त्याहून सैल: घ्या आणि हवं तर झाकून ठेवा. "विहीर सगळ्यांनी खणायची आणि झाकण एकानं लावायचं?" बाबा विचारायचे. मी म्हणायचे, "झाकण लावणारे जुन्या विहिरीकडे फिरकतच नाहीत, बाबा." मग दोन दिवस घरात अबोला.

या कामाचं एक सोवळं असतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या कमांडच्या आतला कोड पाहिलेल्या माणसानं आमच्याकडे नवा लिहायचा नाही. जुन्यातली ओळ नव्यात उतरली तर जुनी अटही मागोमाग येते. म्हणून मी बाबांची कमांड फक्त बाहेरून पाहिली. हे दिलं की ती काय करते, ते दिलं की काय करते. बाबांच्या हातचं एक अक्षरही कधी वाचलं नाही.

मग आजारपणात त्यांचे डोळे गेले. आणि नेमकी तेव्हाच त्या दोनांतली तुमची पहिली मेल आली: डिस्क भरलेली असली तरी कमांड कधीकधी 'काम झालं' म्हणते, फाईल मात्र अर्धीच पोचते. बाबांच्या जिवाला ते लागलं. "मी खोटं बोलणारं हत्यार मागे ठेवणार नाही," म्हणाले. कोड कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता. मी पुढे झाले तर त्यांनीच हात आडवा केला. "तू ऐकायचं नाहीस. नियम तो नियम. बाहेर जा."

नवं काम सोडते, असं मला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. थोडंच उरलं होतं, आणि मला ते पुरं करून त्यांना दाखवायचं होतं.

वाचायला बसली आई. काका, तुम्ही ते ऐकायला हवं होतं. "कंस उघडला. कंस मिटला. अर्धविराम. अहो, इथे दोन तारे लागोपाठ आहेत, तुमची चूक तर नाही ना?" तेवढं कानावर पडलं, आणि बाबांचं हसणं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. रोज दुपारी तसंच करायचे.

आता लिहितेच. काका, बाबा गेले. अशाच एका दुपारी, आई वाचत असताना. मी नळ बंद करून आले तेव्हा ती त्यांचा हात धरून बसली होती.

तुमच्या दुसऱ्या मेलमध्ये विचारलंय, चूक सापडली का. सापडली होती. आई सांगते, ते एकदम म्हणाले, "थांब, सापडलं!" आणि काय बदलायचं ते नीट, सावकाश सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, पण तिला त्यातलं काही कळलं नाही, लक्षातही राहिलं नाही. "तुला कळलं असतं गं," एवढंच ती म्हणाली. तिनं ते ज्या मायेनं म्हटलं, त्यापेक्षा तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी भिंतीपलीकडे उभी होते, काका. वाहत्या नळाशी.

काल मी ऑफिसात कळवलं की मी आता जुना कोड वाचणार, तेव्हा नव्या कमांडचं काम माझ्याकडून काढून घ्या. संध्याकाळी आईला शेजारी बसवून बाबांची फाईल उघडली. तिनं चष्मा लावला, बराच वेळ शोधून स्क्रीनवरच्या ** या खुणेवर बोट टेकवलं. "हे बघ दोन तारे. इथे ते हसले."

त्यापुढे कुठे थांबले, ते तिला सांगता येत नाही. तिथून पुढे मी एकेक ओळ वाचतेय, मोठ्यानं. तिला तसंच हवंय.

दुरुस्ती सापडली की तुम्हाला पाठवीन. अट त्यांचीच राहील. त्यांची मुलगी म्हणून सूट देऊ नका, त्यांचं तपासायचात तसंच तपासा.

आतल्या खोलीतून,
आता ऐकणारी,
त्यांची मुलगी