तोंडाशी अडलेला थेंब

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आईच्या पायांवर डोकं. मी मजेत आहे. खोली स्वच्छ आहे, जेवण वेळेवर मिळतं. आईचे गुडघे काय म्हणतात? भाचेबुवांचा पडलेला दात आला का?

काम विचारलं होतंस. रक्त तपासायच्या काडेपेटीएवढ्या काचेत आम्ही केसासारख्या नळ्या कोरतो. टोकाशी रक्ताचा थेंब ठेवला की पंप नको, फुंकर नको, तो आपला आपण आत शिरतो. आईला सांग, वात तेल ओढते ना, तसंच.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

नळी जिथे एकदम रुंद होते, तिथे तो थेंब अडतो. समोर सगळं मोकळं, तरी हलत नाही. आम्ही मुद्दामच तशी करतो. ताई, माझी तीच गत आहे. फाटकाला कुलूप नाही, पण पासपोर्ट साहेबांच्या कपाटात आहे. मागितला की हसून म्हणतात, "घाई कसली?"

अडलेल्या थेंबाला बाहेरून टिपकागदाचं टोक लावलं की तो सरसर निघतो. तेवढं तू कर. साहेबांना लिही, आईनं अंथरूण धरलंय, भावाला ताबडतोब पाठवा.

आणि मला वेगळं कळव, की ती हिंडतेफिरतेय.

तुझं शेंडेफळ